नातीचं नवं गाव आणि आमच्या छोट्या फेऱ्या



मागच्या पंधरवड्यात मंदिरात स्वाध्याय संपल्यावर एका मैत्रिणीने मला सगळ्यांसमोर टोकलं. "अहो, चातुर्मासात नातीला घेऊन गावोगाव हिंडत होता म्हणे! आपण काय शिकतो इथे? निष्कारण हिंडणं म्हणजे अनर्थदंड." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येऊन भाकऱ्या थापताना तेच मनात घोळत राहिलं. तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते आणि त्यात विनाकारण हिंडणं, दुसऱ्याला हिंडवणं हेही येतं. मग मी केलं ते काय होतं? त्याचं उत्तर आज इथे देते. उत्तर लांब आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आमच्या नातीला गेल्या वर्षी मणिपालला प्रवेश मिळाला. कोल्हापूरहून रात्रीच्या बसने निघायचं, बेळगाव-हुबळी करत घाट उतरून समुद्राकाठच्या रस्त्याला लागायचं आणि सकाळी उडुपी. तिथून मणिपाल पाच-सहा किलोमीटर, टेकडीवर. सून शाळेत शिक्षिका, तिला रजा नाही. मुलाचाही कामामुळे पाय निघेना. म्हणून ठरलं की पहिले तीन आठवडे आज्जीने जवळ राहायचं. वसतिगृहापासून दहा मिनिटांवर एक खोली भाड्याने घेतली, बरोबर छोटी शेगडी, कुकर आणि पाणी गाळायचं कापड. आमचे हे म्हणाले, "तू तिला सोडायला चाललीस की संसार मांडायला?"

ऑगस्टचा महिना. तिथला पाऊस आपल्यासारखा येऊन-जाऊन नसतो, तो मुक्कामालाच असतो. कपडे वाळत नाहीत, पापडाचा डबा उघडला की मऊ. पोरगी चार दिवस गप्प होती. मेसमध्ये रात्रीचं जेवण साडेसातनंतर, म्हणजे सूर्यास्त होऊन गेलेला. भाजीत बटाटा, आमटीत कांदा. मी डबा करून द्यायचे, ती खोलीत एकटी बसून खायची. चौथ्या रात्री माझ्याकडे झोपायला आली आणि अंधारात म्हणाली, "आज्जी, मला घरी ने. इथे माझं काहीच नाही."

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या क्षणी मला बॅग भरावीशी वाटली. कोल्हापुरात काय कॉलेजं नाहीत? पण झोप लागेना, आणि पहाटे मला माझी स्वतःची तीन वर्षं आठवली.

मी शिरोळ तालुक्यातल्या खेड्यातली. १९७७ साली बी.कॉम.ला सांगलीला गेले, आत्याच्या घरी राहिले. वडिलांची अट एकच: कॉलेज, घर, मंदिर. इकडे तिकडे नाही. तीन वर्षं मी ती अट पाळली, एकदाही मोडली नाही. त्याचा मला तेव्हा अभिमानही होता. पण काय झालं ते ऐका. घाऊक व्यापार, बाजारपेठा, दलाल, अडत हे सगळं मी पुस्तकातून पाठ केलं, त्यात चांगले मार्क मिळवले. आणि हळदीचा एवढा मोठा बाजार, ज्याचं नाव देशभर घेतात, तो माझ्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर असून मी एकदाही पाहिला नाही. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं होती, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. गोदामावरचा धडा मी लिहून काढला, पण पेव पाहिलं नाही. पुढे २००५ च्या पुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं तेव्हा वर्तमानपत्रात फोटो पाहिला आणि चुटपुट लागली. तीन वर्षं मी सांगलीत होते, पण सांगली माझी झाली नाही. आजही तिथे गेले की बसस्टँडवर उतरून कुणाला तरी रस्ता विचारते.

वडिलांचा दोष देत नाही. त्यांच्या काळजीचा तोच मार्ग त्यांना माहीत होता. पण तो हिशेब नातीच्या वहीत पुढे ओढायचा नाही, हे त्या पहाटे ठरलं.

सकाळी तिला म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. तोवर आपण हे गाव थोडं थोडं बघू. नाही आवडलं तर मी स्वतः तुझ्या बाबाशी बोलेन." मग मी एक वही केली. कॉमर्सवालीला वहीशिवाय सुधरत नाही. रकाने पाच: तारीख, ठिकाण, बस, खर्च, आणि शेवटचा रकाना "काय कळलं".

पहिली फेरी अर्ध्या तासाची. वसतिगृहाच्या दाराबाहेर पडून टायगर सर्कलपर्यंत चालत जायचं आणि दुसऱ्या रस्त्याने परत यायचं. औषधाचं दुकान कुठे, झेरॉक्स कुठे, रात्री उशिरापर्यंत उजेड कुठल्या रस्त्यावर असतो, बस कुठे थांबते. बस. तिथे खाजगी सिटी बस सारख्या धावतात, कंडक्टर दारात उभा राहून "उडुपी, उडुपी" ओरडतो. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं: "किराणा दुकानातल्या काकांना आपलं मराठी समजतं." ते कोकणी बोलणारे निघाले. ते कोकणीत, आम्ही मराठीत, आणि व्यवहार झाला. मणिपाल उभं करणारे डॉ. टी. एम. ए. पै हेही कोकणी घरातले. त्यांनी १९५३ साली इथे कस्तुरबा मेडिकल कॉलेज काढलं तेव्हा ही नुसती ओसाड टेकडी होती म्हणतात.

दुसरी फेरी मण्णपळ्ळ तळ्याची. 'मण्ण' म्हणजे माती, 'पळ्ळ' म्हणजे तळं, त्यावरूनच मणिपाल हे नाव आलं असं सांगतात. तळ्याभोवती चालायची वाट आहे. छत्री घेऊन एक फेरा मारला. ज्या गावाच्या नावाचा अर्थ कळतो ते गाव थोडं कमी परकं वाटतं, हे मी त्या दिवशी शिकले.

तिसऱ्या फेरीत आमचा मोठा प्रश्न सुटला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला एका गल्लीत छोटी खानावळ दिसली. बाई नीरडोसे घालत होत्या. तांदूळ भिजवून वाटायचा, पाणी घालून पातळ करायचा आणि लगेच तव्यावर. आंबवणं नाही, कांदा नाही. सोबत ओला नारळ आणि गूळ. मी खुणेने कांदा-बटाटा नको म्हणून सांगायला लागले, तर बाईंनी हसून विचारलं, "जैनरा?" आम्ही मान डोलावली. त्यांना काही समजवावं लागलंच नाही, कारण त्या भागात जैन घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि आपलं खाणंपिणं लोकांना माहीत आहे. त्या दिवसापासून नात आठवड्यातून तीन-चारदा साडेपाचला तिथे जाते. मी डबा देत राहिले असते तर ही खानावळ तिला मिळाली नसती, आणि मी परत आल्यावर डबाही बंद झाला असता.

चौथी फेरी उडुपीची. श्रीकृष्ण मठ पाहुण्यासारखा पाहिला. मध्वाचार्यांची परंपरा, आठ मठ, दर दोन वर्षांनी पूजेची जबाबदारी एका मठाकडून दुसऱ्याकडे जाते, त्याला पर्याय म्हणतात. मला तर ही व्यवस्था एखाद्या उत्तम चालवलेल्या संस्थेसारखी वाटली. पण खरी गंमत पुढे. तिथे कळलं की त्यांचाही चातुर्मास कडक असतो. पहिल्या महिन्यात भाज्या वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल. द्विदल हा शब्द ऐकून नातीने माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे कच्च्या दही-दुधाबरोबर डाळ चालत नाही, त्याला आपण द्विदल म्हणतो. त्यांचा नियम वेगळा, कारण वेगळं, पण शब्द तोच. परत येताना ती म्हणाली, "आज्जी, मला वाटायचं मेसमध्ये मी एकटीच विचित्र आहे." वहीत तिने लिहिलं: "इथे नियम पाळणारे पुष्कळ आहेत."

आता आमची फजितीही सांगते, कारण मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दडलं आहे.

चार फेऱ्या चांगल्या झाल्यावर मला हाव सुटली. कारकळ आणि मूडबिद्री एवढं जवळ असताना रविवारी दोन्ही एका दिवसात उरकू म्हटलं. सकाळी परकळ, हिरियडकवरून बसने कारकळ. साधारण पस्तीस किलोमीटर. पायऱ्या चढून वर गेलो आणि पावसाने ओले झालेले बाहुबली समोर उभे. ४२ फूट, एकाच दगडातले, १४३२ साली वीरपांड्य राजाने स्थापन केलेले. आपण कुंभोजच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी बाहुबलींना लहानपणापासून पाहत आलो, ते २८ फुटांचे. इथे काळा-करडा पाषाण आणि मागे ढग. आम्ही दोघीच होतो. नात बराच वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "आज्जी, हे वर्षभर एकाच जागी उभे होते ना? त्यांना घरची आठवण आली नसेल का?" मी म्हटलं, "ते घर सोडून निघाले होते. तू कुठे सोडलंयस? तू शिकायला आलीयस." ती हसली. चार आठवड्यांत पहिल्यांदा मोकळं हसली म्हणाना, जरी आठवडे खरे दोनच झाले होते.

समोरच्या छोट्या टेकडीवर चतुर्मुख बसदी, १५८६ सालची. चारही दिशांना सारखे दरवाजे, आणि कुठूनही आत पाहा, अरनाथ, मल्लिनाथ आणि मुनिसुव्रत भगवंतांचं दर्शन. तिथे निवांत बसायला हवं होतं. पण मी घड्याळ बघत होते, कारण मूडबिद्री गाठायचं होतं.

मूडबिद्रीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अठरा बसद्यांचं गाव ते! हजार खांबांची बसदी, सावीर कंबद म्हणतात, १४३० सालची, चंद्रनाथ भगवंतांची. आम्ही ती धावत पाहिली. गुरुबसदीत तर जेमतेम दर्शन घेतलं. आणि हीच ती जागा, जिथे षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या ताडपत्र्या शतकानुशतकं जपल्या गेल्या. आपल्या कपाटात जो धवला ग्रंथ असतो, त्याचा पहिला भाग १९३९ साली डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून प्रसिद्ध केला, आणि त्या कामात आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांच्याबरोबर होते. म्हणजे आपल्या घरचा धागा इथे येऊन पोचतो. हे मी नातीला सांगायला सुरुवात केली आणि बस सुटायची वेळ झाली.

परतीच्या रस्त्यावर पावसाने गाठलं. बस रांगत चालली. खिडकीतून बघता बघता अंधार झाला. पोटात दुपारचे दोन घास, पिशवीत दशम्या तशाच. सूर्यास्त झाला होता. मी तिला म्हटलं, "तू खा बाळा, लहान आहेस, चूक माझी आहे." ती रागावली होती, तरी म्हणाली, "नको. पण पुढच्या वेळी एकाच ठिकाणी जायचं." त्या रात्री दोघी उपाशी झोपलो.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला देशव्रत कळलं. तत्त्वार्थसूत्रात गुणव्रतांमध्ये दिग्व्रत आणि देशव्रत शेजारी शेजारी येतात. दिग्व्रत म्हणजे दिशांची जन्मभराची मर्यादा. देशव्रत म्हणजे त्या मर्यादेच्या आत आणखी छोटी मर्यादा, ठरावीक काळापुरती: आज या गल्लीपर्यंत, या नदीपर्यंत. आणि तिसरं अनर्थदंडविरती. आपण हे वाचतो तेव्हा "जाऊ नका" एवढंच ऐकतो. पण व्रत सांगतं ते कुठवर, किती वेळ आणि कशासाठी हे आधी ठरवून निघायला. कारकळ-मूडबिद्री एका दिवसात उरकण्याचा माझा हट्ट, तो मात्र प्रमाद होता. मैत्रिणीचा आक्षेप त्या एका रविवारला लागू आहे, तो मी मान्य करते. बाकीच्या फेऱ्यांना नाही.

मग आम्ही नियम केले. एका फेरीत एकच ठिकाण. निघण्याआधी परतीची बस माहीत हवी. सूर्यास्ताच्या तासभर आधी खोलीवर. पाणी गाळून बरोबर. कुठे चाललो ते घरी एका मेसेजने कळवायचं. मुसळधार पावसात समुद्राकडे जायचं नाही. मालपेजवळच्या सेंट मेरी बेटाच्या बोटी पावसाळ्यात तशाही बंदच असतात. आणि परत आल्यावर वहीत एक ओळ तरी लिहायची.

आता माझं मत स्पष्ट सांगते, मग पटो न पटो.

आपण मुलींना बाहेरगावी शिकायला पाठवायला लागलो, ही मोठी गोष्ट झाली. पण पाठवून आपण करतो काय? खोली घेऊन देतो, लाडू-चिवड्याचे डबे देतो, दिवसातून तीन फोन करतो आणि सांगतो, "खोलीतून बाहेर पडू नकोस." म्हणजे तिचं अंथरूण दुसऱ्या गावी नेलं, पण ती आपल्याच माजघरात राहिली. हे आपण सुरक्षिततेसाठी करतो. माझं म्हणणं उलट आहे. जिला गाव माहीत नाही तीच मुलगी खरी असुरक्षित. तिला दवाखाना माहीत नाही, बस माहीत नाही, ओळखीचं दुकान नाही. अडचण आली की ती चारशे किलोमीटरवर आपल्याला फोन करणार आणि आपण इथे बसून रडणार. जिला खानावळवाल्या बाई नावाने ओळखतात, दुकानातले काका "आज उशीर झाला का" विचारतात, तिच्यावर गावाचं लक्ष असतं.

दुसरं. आपल्या मुलग्यांना आपण हे नियम लावत नाही. माझा भाचा पुण्याला शिकायला होता, त्याने सिंहगड-राजगड सगळे पालथे घातले. तेव्हा कुणी अनर्थदंड काढला नाही. उलट "धाडसी आहे" म्हणून कौतुक केलं. व्रतं श्रावकालाही आहेत, नुसती श्राविकेला नाहीत.

तिसरं, धर्माचं. आपल्याला भीती असते की बाहेर पडली की नियम सुटतील. माझ्या नातीचं तर उलट झालं. खोलीत कोंडून घेतलेल्या चार दिवसांत ती रडून म्हणाली होती, "एवढे नियम कशाला, सगळे जेवतात ते जेवते." ज्या रात्री बसमध्ये तिने दशमी परत पिशवीत ठेवली, त्या रात्री तिला कुणी सांगितलं नव्हतं. नियम तिने स्वतः निवडला, आणि तो पाळायचा कसा याची सोयही तिने पायी हिंडून शोधली. आपल्या सांगण्यावर पाळलेला नियम आपला फोन बंद झाला की ढिला पडतो.

खर्चाचं म्हणाल तर वहीची बेरीज केली. तीन आठवड्यांच्या सगळ्या फेऱ्यांचा बसखर्च आणि खाणं मिळून जेवढे पैसे झाले, तेवढ्यात आमच्या भागात एक बरी साडी येत नाही. मी हा खर्च महसुली धरत नाही, भांडवली धरते. त्यावर तिची चार वर्षं चालायची आहेत.

माझं म्हणणं असंही नाही की सगळ्या आज्ज्यांनी जाऊन खोल्या घ्याव्यात. गुडघे दुखतात, घरं असतात, मला ठाऊक आहे. पण सोडायला जाताना त्याच रात्रीच्या बसचं परतीचं तिकीट काढू नका. दोन दिवस थांबा. मुलीबरोबर पायी एक फेरा मारा, एकदा गावच्या बसमध्ये बसा, आपल्या मंदिराचा पत्ता शोधा, संध्याकाळी पाचला कुठे खायला मिळतं ते बघा. आणि फोनवर "जेवलीस का" विचाराल तेव्हा त्याबरोबर "या आठवड्यात नवीन काय पाहिलंस" हेही विचारा. अभ्यास बुडेल म्हणून घाबरू नका. आठवड्यातली अर्धी दुपार एवढंच आहे हे.

दिवाळीला ती घरी आली. मी बोलल्याप्रमाणे विचारलं, "काय ठरवलंस?" ती म्हणाली, "अजून कधी कधी रडू येतं, पण मी परत जाते." मला हेच उत्तर खरं वाटलं. सगळं छान आहे म्हणाली असती तर मी काळजीत पडले असते.

जानेवारीत आम्ही दोघं गेलो. या वेळी वही तिच्या हातात होती. तिने आम्हाला वरंगला नेलं. तळ्याच्या मधोमध बसदी, तिथे नावेतूनच जायचं. आत चारही दिशांना तीर्थंकर, आणि पद्मावती मातेचं मोठं स्थान. नाववाल्याला ती "एंच उल्लर?" म्हणाली, म्हणजे तुळूत "कसे आहात?". तो खुश होऊन भरभर बोलायला लागला. तिला त्यातलं निम्मंच समजलं असावं, पण मान छान डोलावत होती. आमचे हे माझ्या कानात म्हणाले, "पोरगी इथलीच झाली की." मी म्हटलं, "इथलीही झाली."

परतीला मी विचारलं, आता बाकी काय राहिलं? ती म्हणाली, "मूडबिद्री. त्या दिवशी तू धावत दाखवलंस. आता वसतिगृहातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन जाणार आहे, पूर्ण दिवस, एकच ठिकाण."

आणि माझ्या त्या मैत्रिणीला, जिने मंदिरात मला टोकलं, मी एक निरोप दिला आहे. येत्या सुट्टीत आपण दोघी सांगलीला जाऊ. सकाळी निघू, हळदीचा बाजार बघू, सूर्यास्ताआधी घरी. मर्यादा ठरलेली आहे, कारणही आहे. सत्तेचाळीस वर्षं उशीर झालाय, एवढंच.

जय जिनेंद्र.